सातव्या वर्षापर्यंत अक्षर बंद

डॉक्टर पद्माकर सोहोनी हा माणूस एरवी गरीब गाय. पण फिनलंडचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. इंग्लंडातल्या स्लाऊच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, एकदा तर चक्क मयताला जमलेल्या चार माणसांत त्यानं फिनलंडच्या शाळांचं पुराण लावलं होतं. तिकडे म्हणे मुलाला सातव्या वर्षी शाळेत घालतात. तोवर पोर बर्फात लोळतं, झाडावर चढतं, मनाला येईल ते करतं. शाळेत गेल्यावरही तासातासाला पोरांना बाहेर खेळायला पिटाळतात, मग बाहेर कितीही थंडी असो. दुपारचं गरम जेवण शाळाच घालते, तेही फुकट. आणि एवढं करून तिकडे निरक्षर माणूस औषधाला सापडत नाही.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची. तेव्हा फिनलंडच्या शाळांचं कौतुक कुणाला होतं? लोक ऐकून घ्यायचे, समोशाला चटणी लावायचे आणि विचारायचे, "फिनलंड म्हणजे ते रशियातच ना?"

पद्माकरला ते जिव्हारी लागायचं. कारण त्याच्या लेखी फिनलंड म्हणजे त्याची बायको.

कारिना त्याच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स होती. उंच, पांढऱ्या भुवयांची, कमी बोलणारी. सगळं हॉस्पिटल त्याला 'पॅडी' म्हणायचं. ही एकटी 'पद्मा' म्हणायची. पद्मा हे आपल्याकडे बायकांचं नाव असतं हे तिला लग्नानंतर कळलं, पण तिनं बदललं नाही. कँटीनमध्ये एकदा तिनं त्याला आपण वाचायला कसं शिकलो ते सांगितलं होतं. सात वर्षांची झाल्यावर ती स्कीवरून शाळेत गेली. बाईंनी हातात एक पुस्तक दिलं, त्याच्यावर कोंबड्याचं चित्र. पोरानं नीट वाचलं की हा कोंबडा रात्री येऊन पुस्तकाच्या पानांत गोळी ठेवून जातो, अशी तिकडची रीत. नाताळपर्यंत अख्खा वर्ग वाचायला लागला होता.

"आणि चुकलं की? कुणी मारायचं नाही?"

"कशाला मारायचं?" कारिनानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

त्या 'कशाला'वर पद्माकर सोहोनी खलास झाला. त्याचे वडील साताऱ्याला मास्तर. त्यांनी पोराला चौथ्या वर्षी पाटीपुढे बसवलं होतं, आणि अक्षर चुकलं की पट्टीची कड बोटांच्या पेरांवर. अजूनही काही नवीन वाचायला घेतलं की त्याच्या डाव्या हाताची बोटं आपोआप मुठीत मिटायची. एम.आर.सी.पी. झाला, केसांत पांढरं आलं, तरी मूठ काही सुटली नाही.

त्यांना मुलगी झाली, उल्का. कारिनानं नोकरी सोडली आणि ती मुलीशी फिनिश बोलायला लागली. बोलणारच. फार्नहॅम रोडच्या त्या टोकाला आपली भाषा बोलायला तिला दुसरं होतं कोण? पोर आईला 'ऍइती' म्हणायची, बापाला 'बाबा' आणि दूधवाल्याला 'हॅलो', आणि तिघांशी तीन भाषांत बडबडायची. पद्माकर म्हणायचा, "मीही शिकणार आहे तुमची भाषा. जरा सवड मिळू दे." सवड कुठली मिळायला? रजिस्ट्रारची नोकरी, एक दिवसाआड ऑन-कॉल. घरी यायचा तेव्हा उल्का झोपलेली असायची, आणि रविवारी तो स्वतः झोपलेला असायचा. संध्याकाळी मायलेकी घरात काय करतात हे त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलं नाही.

उल्का साडेचार वर्षांची होत आली आणि कारिनाला कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी, ज्या वॉर्डात तिनं नोकरी केली त्याच वॉर्डात ती पडून होती. एकदा तिनं पद्माकरचा हात धरला आणि म्हणाली, "पद्मा, इथली शाळा तिला पाचव्या वर्षी टेबलाशी बांधून घालेल. घरी तरी तू तसं करू नकोस. सातपर्यंत कुणी तिच्या हातात पुस्तक कोंबायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," तो म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, मग मराठीतही म्हणाला, "शप्पथ." आणि हमसून हमसून रडला.

आता इथे सांगायला हवं की आपला माणूस वचन देतो म्हणजे काय करतो. जसं चातुर्मासात कांदा-लसूण बंद, तसं पद्माकरनं घरात अक्षर बंद केलं. कारिना गेल्यावर तिची बहीण इर्मा फिनलंडहून आली होती. ती आठवडाभर राहून परत गेली, आणि त्याच दिवशी त्यानं घरातली मुलांची यच्चयावत पुस्तकं गोळा केली. फिनिश, इंग्रजी, चित्रांची, बिनचित्रांची, आणि कारिनाचं ते लहानपणचं कोंबड्याचं पुस्तकसुद्धा. सगळी एका ट्रंकेत भरली, ट्रंक लॉफ्टवर चढवली आणि शिडी काढून ठेवली. सातवा वाढदिवस होईपर्यंत उघडायची नाही. त्याला बरं वाटलं. बायकोसाठी करण्यासारखं एवढं एकच उरलं होतं, आणि ते तो करणार होता.

पुढे शाळा सुरू झाली. इंग्लंडातली शाळा पोराला रोज दप्तरातून एक छोटं पुस्तक घरी पाठवते, आईबापांनी पोराकडून वाचून घ्यायला. उल्काचं पुस्तक जसं यायचं तसंच्या तसं परत जायचं. मिसेस व्हिटलॉक म्हणून तिच्या बाई होत्या, भल्या बाई. त्यांनी त्याला शाळेत बोलावलं.

"डॉक्टर, रोज पाचच मिनिटं. तिला मांडीवर घ्या आणि..."

"माझ्या घरात सातपर्यंत नाही," पद्माकर म्हणाला आणि त्यानं बाईंना फिनलंडबद्दल वीस मिनिटं सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि उल्काला मागे राहिलेल्या मुलांच्या टेबलावर बसवलं. तिथे ती कुढत कुढत कॅट आणि मॅट शिकली.

मंडळातल्या बायकांना तर हा विषय आयताच मिळाला. त्यात प्रमोदिनी सगळ्यांत पुढे. तिचा नवरा शशिधर हा पद्माकरचा जुना मित्र, ग्रँट मेडिकलपासूनचा. तेव्हा तिला बोलायचा हक्कच होता. तिचा गिरीश सहा वर्षांचा, तीसपर्यंत पाढे पाठ, आणि अकराव्या वर्षी द्यायच्या इलेव्हन-प्लस परीक्षेची ट्यूशन आत्तापासून.

"भावजी, अहो पाच वर्षांची घोडी झाली! दसऱ्याला निदान पाटीपूजन तरी करून घ्या. मी येते, सरस्वती काढून देते."

"सातव्या वर्षी करू."

"सातव्या वर्षी काय करायचंय, लग्न?" प्रमोदिनी म्हणाली. सगळे हसले. पद्माकरही हसला आणि मग गाडी काढून घरी निघाला. मागच्या सीटवर उल्का चॉकलेटचा रॅपर बोटाला गुंडाळत बसली होती.

तसं बघायला गेलं तर दिवस सुरळीत चालले होते. शाळा सुटली की मिसेस डॉयल नावाची आयरिश बाई उल्काला सांभाळायची, सहा वाजता पद्माकर तिला घेऊन यायचा. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून चॉकलेटचा वास यायचा. तो वास आला की उल्का नाक वर करायची, आणि पूर्वी कारिनाही अगदी तसंच करायची. मग घर. गॅसची शेगडी पेटवायची, वरण-भात किंवा बीन्स-टोस्ट, आणि नंतर संध्याकाळ. ही संध्याकाळ पद्माकरला नकोशी व्हायची.

कारण जेवण झालं की उल्का एक गोष्ट करायची. कारिनानं माहेराहून रेनडिअरचं एक कातडं आणलं होतं, मऊ, करड्या केसांचं. प्रमोदिनी त्याला पाय लावायची नाही. "घरात मेलं कातडं!" म्हणायची. शशिधर तिला चिडवायचा, "अगं, ऋषी मृगाजिनावर बसायचे, हेही त्यातलंच." तर ते कातडं उल्का सोफ्यामागून ओढत ओढत शेगडीसमोर आणायची. नीट अंथरायची. आणि त्याच्या एका कडेला अगदी अंग चोरून बसायची. मोठी बाजू रिकामी. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. बोलायची नाही, रडायची नाही. अधूनमधून दाराकडे बघायची.

पद्माकरला समजायचं. न समजायला काय झालं? पोर आईची वाट बघत होती. ती रिकामी बाजू आईची. त्याच्यानं ते बघवायचं नाही. तो स्वयंपाकघरात जायचा आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायचा, नळ मोठा सोडून. एकेक पातेलं असं लख्ख करायचा की बघत राहावं. बाहेर यायचा तोवर उल्का तिथेच कातड्यावर पेंगलेली असायची. तो तिला उचलून वर न्यायचा.

एकदा ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. फिनिशमध्ये काहीतरी म्हणाली, दोनतीन शब्द. त्याला कळले नाहीत. "हो हं राजा, हो," तो म्हणाला, तिच्याकडे पाठ करूनच, कारण डोळे भरले होते. ती परत जाऊन बसली. पुढे काही दिवस रोज येऊन तेच म्हणायची, आणि तोही रोज 'हो राजा' म्हणायचा. मग तिनं यायचं सोडलं.

हे असं हिवाळाभर चाललं. शेवटी त्यानं शशिधरला विचारलं. शशिधर मानसोपचारवाला नव्हता, हाडांचा डॉक्टर होता. पण मित्र म्हणून बोलला. "ते कातडं उचलून ठेव. डोळ्यांसमोर असलं की आठवण येणारच. लहान आहे ती, विसरेल." पद्माकरला पटलं. रविवारी उल्का मिसेस डॉयलकडे असताना त्यानं कातडं गुंडाळलं, दोरी बांधली आणि लॉफ्टवर ट्रंकेशेजारी ठेवलं. संध्याकाळी उल्कानं सोफ्यामागे बघितलं. सोफ्याखाली बघितलं. काही विचारलं नाही. तीनचार संध्याकाळी ती नुसत्या कार्पेटवर त्याच जागी तशीच बसली, तीच कड धरून, जणू कातडं अजून आहे. नंतर ती टीव्ही लावायला लागली.

"विसरली," पद्माकरनं शशिधरला फोनवर सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर जिन्यातच बसून राहिला.

विसरली हे खरंच होतं. पण काय काय विसरली याचा त्याला पत्ता नव्हता. आधी ती बाहुलीशी फिनिश बोलायची. अंघोळीच्या टबात बदकाशी बोलायची. मग बदकाशी इंग्रजीत बोलायला लागली. बाहुली कोपऱ्यात गेली. भाषा काय, ऐकायला कान असला तर राहते. त्या घरातून एक भाषा निघून गेली आणि जाताना दाराचा आवाजसुद्धा झाला नाही. उरलं मोडकंतोडकं मराठी, 'माझा पुस्तक', 'तो भाजी', आणि अस्खलित स्लाऊचं इंग्रजी.

फिनलंडहून इर्माची पार्सलं यायची, वाढदिवसाला आणि नाताळला. चौकोनी, जड. पुस्तकंच असणार. पद्माकर कागदसुद्धा न फोडता ती ट्रंकेत टाकायचा. इर्माला आभाराचं कार्ड पाठवायचा: 'उल्का मजेत आहे. कारिनाची इच्छा मी तंतोतंत पाळतो आहे.' ही इर्मा कारिनाची थोरली बहीण, तिकडे एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण. त्यामुळे कार्ड लिहिताना त्याला जरा अभिमानच वाटायचा, की बघ, तुमची रीत इथे परमुलखात, सगळ्यांचे टोमणे खाऊन कोण सांभाळतंय!

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात उल्काला सात वर्षं पूर्ण झाली. पद्माकरनं घर डोक्यावर घेतलं. इर्माला तिकीट पाठवून बोलावलं. मंडळाची माणसं बोलावली. प्रमोदिनीनं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, हळदकुंकू, फुलं, पेढे, सगळं साग्रसंगीत. इर्मा सोफ्याच्या कडेला ताठ बसून हे बघत होती. कारिनासारख्याच पांढऱ्या भुवया. पद्माकरला तिच्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. तिनं भाचीसाठी चामड्याचं दप्तर आणलं होतं. आल्या आल्या तिनं उल्काला जवळ घेऊन फिनिशमध्ये काहीतरी विचारलं, तर पोर लाजून बापामागे लपली. "नव्या माणसाला बुजते ती," पद्माकर म्हणाला.

मग शशिधरनं आणि त्यानं लॉफ्टवरून ट्रंक खाली आणली. सगळ्यांसमोर पद्माकरनं कुलूप काढलं आणि भाषण केलं. त्या माणसाचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता.

"कारिनाला शब्द दिला होता. अडीच वर्षं या घरात मुलीसमोर एक पुस्तक उघडलं नाही. तिचं नाही, माझं नाही, कुणाचंच नाही. लोक हसले. हसू दे. आज ती सात वर्षांची झाली. आज अक्षर सुरू."

टाळ्या पडल्या. प्रमोदिनीनंसुद्धा डोळे पुसले. ती बोलायची फटकळ, पण मन तसं नव्हतं. इर्माला इंग्रजीतून कुणीतरी सगळं समजावून सांगितलं. ती उठली, ट्रंकेपाशी आली. वर तिचीच पार्सलं होती, तिच्याच हातच्या गाठी मारलेली. तिनं एकेक उचलून बघितलं आणि परत ठेवलं. चेहऱ्यावर काहीच नाही. ही माणसं तशी असतात, पद्माकरला वाटलं, आनंद झाला तरी दाखवत नाहीत.

पाहुणे गेले. उल्का टीव्हीपुढे बसली. इर्मा स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. ती त्याच्याशी तुटक इंग्रजीत बोलायची, शब्द शोधत शोधत.

"पद्माकर, तू तिला काहीच वाचून दाखवलं नाहीस?"

"नाही!" तो म्हणाला. "एक ओळसुद्धा नाही."

"कारिना तिला रोज वाचून दाखवायची. रोज संध्याकाळी. त्या रेनडिअरच्या कातड्यावर बसून. मला फोनवर सांगायची, आज हे वाचलं, आज ते वाचलं. तिकडे आम्ही सगळेच वाचतो. पोटातल्या पोरालाही वाचून दाखवतात. सातव्या वर्षी मूल स्वतः वाचायला लागतं कारण तोवर त्याचे कान भरलेले असतात." तिनं ताट खाली ठेवलं. "घाई करू नको, एवढंच तिचं म्हणणं होतं."

"पण तिनं मला सांगितलं नाही."

"ते ती काय सांगणार? पोरीला जेवायला घाल, असंही सांगितलं नसेल."

पद्माकर ओट्याला टेकला. त्या हिवाळ्यातली एकेक संध्याकाळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली: ती कड, ते उताणे हात, ते दाराकडे बघणं. पुस्तक धरायला ठेवलेले हात ते! आणि हा गाढव पातेली घासत होता. तो वर गेला, शिडी लावली आणि कातडं खाली घेऊन आला.

इर्मानं ते शेगडीसमोर अंथरलं. मोठ्या बाजूला बसली. ट्रंकेतलं एक चित्रांचं पुस्तक काढलं आणि फिनिशमध्ये उल्काला हाक मारली. उल्का आली. कातड्याकडे बघत उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं त्याचे केस उलटसुलट केले. मग आपल्या कडेला बसली, अंग चोरून, हात मांडीवर. नाही गेलं सगळं, पद्माकरला वाटलं, अजून आहे.

इर्मा वाचायला लागली. तोच आवाज, तीच उतरती लय, कारिना टेलिफोनवर बोलायची तशी. एक पान झालं. दुसरं झालं. उल्का चित्रं बघत होती. मग तिनं मान वळवली आणि अगदी हळू, पाहुण्यांपुढे बोलावं तसं नम्रपणे इंग्रजीत विचारलं, "बाबा, इर्मा-आंटी काय म्हणते? इंग्लिशमध्ये सांग ना तिला."

इर्मानं पुस्तक मिटलं. तिला इंग्रजी समजत होतं. ती उठून खिडकीपाशी गेली आणि पडदा बाजूला करून बराच वेळ रस्त्यावर बघत राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

चार दिवसांनी पद्माकर तिला हीथ्रोला सोडायला गेला. आत जाताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या आईला आता तिच्याशी बोलता येणार नाही. तिला दुसरी भाषा येत नाही." ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग मागे वळून म्हणाली, "कोंबड्याचं पुस्तक बघ. मी त्यात काही ठेवलंय. यापुढे ते तुला करावं लागेल."

त्या शनिवारी दुपारपासूनच अंधारून आलं होतं. उल्का टीव्ही बघत होती. पद्माकरनं शेगडी पेटवली, कातडं अंथरलं आणि स्वतः त्याच्यावर बसला. गुडघे कटकट वाजले. त्यानं कारिनाचं ते जुनं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर डाव्या हाताची मूठ मिटली. पट्टी कुठेच नव्हती, वडील जाऊनही किती वर्षं झाली होती. पण मूठ मिटली. तरी तो वाचायला लागला, मोठ्यानं, अक्षराला अक्षर लावत. ही भाषा लिहितात तशीच बोलतात, आपल्यासारखी. त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला ती वाचणं तेवढं जड गेलं नाही. अर्थ मात्र एका शब्दाचा लागेना. 'ऍइती' तेवढा कळला. तिथे तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

टीव्हीचा आवाज बंद झाला. उल्का मागे येऊन उभी होती.

"बाबा, तुला येतो हे?"

"नाही गं. नुसता वाचतोय."

"मला पण नाही कळत." ती जरा वेळ ऐकत राहिली. तो मोठ्या बाजूला बसला होता; राहिली होती ती कड. ती तिथे बसली, आणि बरोब्बर मावली. पान उलटलं तसं आतून कागदात गुंडाळलेली एक गोळी तिच्या मांडीवर पडली. तिनं ती सोडून तोंडात टाकली.

पद्माकरला विचारायचं नव्हतं. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"उल्का, पूर्वी तू रोज इथे बसायचीस. आठवतं?"

तिनं मान हलवली. आठवत होतं.

"मला वाटायचं, तू आईची वाट बघतेस. मला ते बघवायचं नाही, राजा. म्हणून मी आत जायचो."

उल्कानं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. त्याच्या मिटलेल्या मुठीतलं एकेक बोट ती उघडत होती, खेळल्यासारखी.

"ऍइती येणार नाही, ते मला माहीत होता," ती म्हणाली. "तूच सांगितलास ना. मी तुझा वाट बघत होती."

पद्माकरनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पानावरची अक्षरं सगळी एकात एक मिसळली होती. उल्कानं थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याच्या कोपराला ढुशी दिली.

"वाच ना, बाबा," ती म्हणाली.